पेटीचा माग लागतो, लेकराचा नाही

डिसेंबरच्या अखेरीस नाशिक जिल्ह्यातल्या निफाडचा पारा घसरला की आमच्याकडच्या वर्तमानपत्रांत दरवर्षी तोच फोटो येतो. धुक्यात बुडालेली द्राक्षबाग, ओळींमधून पेटवलेल्या शेकोट्या आणि कानटोपीतला शेतकरी. मण्यांत पाणी उतरायला लागलं की थंडी परवडत नाही, मणी तडकतात. मग रात्रभर जागायचं, पहाटे ठिबक सोडायचं, धूर करायचा. २०१८च्या डिसेंबरात कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात १.८ अंशांची नोंद झाली, त्या आठवड्यात मी माहेरी होते, दिंडोरी तालुक्यात. दादा आणि वहिनी आळीपाळीने जागत होते. पहाटे चारला चहाची किटली घेऊन बांधापर्यंत गेले, तर टोळीतली एक बाई शेकोटीपासून हातभर अंतरावर बसलेली. मांडीवर गोधडीचं गाठोडं. गाठोड्यात अकरा दिवसांचं बाळ.

बाई पेठ तालुक्यातली. मुकादमाच्या हिशेबात ती आणि तिचा नवरा मिळून एक 'जोडी'. दिवाळी झाली की पेठ-सुरगाण्याच्या पाड्यांवरून पिकअप भरभरून माणसं सावळघाट चढून वर येतात. तिकडे भात-नागली निघालेली असते, विहिरींनी तळ गाठायला सुरुवात केलेली असते, आणि इकडे बागांना हात हवे असतात. घड नसलेली फेलफूट काढायची, शेंडे मारायचे, घड जीएच्या, म्हणजे वाढीच्या संजीवकाच्या, द्रावणात बुडवायचे, विरळणी करायची. या बाईने नोव्हेंबरभर, म्हणजे आठव्या महिन्यात, द्रावणाचा डबा हातात धरून घड बुडवले होते. मांडव डोक्याच्या वर. हात दिवसभर वरच. वहिनी म्हणायची, "बाई, बस गं थोडी." ती बसायचीही. पण काम उक्तं असलं की बसणाऱ्याचा वाटा दुसऱ्याच्या अंगावर पडतो, हे तिला कळत होतं आणि वहिनीलाही.

बाळंतपण सरकारी दवाखान्यात झालं. गाडी आली, फुकट नेलं, फुकट आणून सोडलं. कागदावर वजन लिहिलं : दोन किलो शंभर ग्रॅम. तिसऱ्या दिवशी घरी पाठवलं. घर म्हणजे बांधावरचं निळ्या प्लॅस्टिकचं खोपट. एकोणिसाव्या दिवशी बाळ दूध ओढेना, अंग गार लागायला लागलं. दादाने पिकअप काढली. नाशिकला पोचेपर्यंत उशीर झाला होता.

कुणाचे डोळे पाणवावेत म्हणून हे लिहीत नाही. मला पुढे कित्येक दिवस छळत राहिलं ते वेगळंच. या बाळाच्या वाटेत सरकारी योजना नव्हत्या असं नाही. गाडी होती, दवाखाना होता, वजनकाटा होता, घरी येऊन बाळ तपासणारी आशा होती, पोषण आहार होता. तरी ते सगळ्यांच्या हातून सुटलं, आणि हलगर्जी कोणाची म्हणून बोट दाखवावं तर समोर माणूस सापडत नाही.

आधी सरकारच्या पारड्यात जे पडतं ते टाकलं पाहिजे. २००५ साली महाराष्ट्रात जन्मलेल्या दर हजार बाळांपैकी ३६ बाळं पहिल्या वाढदिवसाच्या आत जात. नमुना नोंदणी पाहणीत २०२० साली हा आकडा १६वर आला. देशाचा तेव्हा २८ होता. दवाखान्यातली बाळंतपणं २००५-०६ मध्ये शंभरात ६५ होती, ती आता ९५ च्या घरात गेली आहेत. २००५ मध्येच कुपोषणाविरुद्धचं राजमाता जिजाऊ मिशन सुरू झालं; दोन वर्षांखालच्या खुरटलेल्या मुलांचं प्रमाण तेव्हाच्या ३९ टक्क्यांवरून २०१२ च्या पाहणीत २४ टक्क्यांपर्यंत उतरलं. २०११ पासून बाळंतपण आणि तान्ह्या बाळाचे उपचार फुकट, २०१४ पासून १०८ ची गाडी. ज्या आजीला घरातच चार लेकरं पुरावी लागली तिला विचारा, फरक काय पडला ते ती सांगेल. 'सरकार काही करत नाही' हे वाक्य खोटं आहे, आणि सरकारच्या सोयीचंही आहे, कारण ते खोडून काढायला एक पत्रक पुरतं.

पण त्या १६ च्या आत डोकावून बघा. त्यातली ११ बाळं पहिल्या २८ दिवसांत गेलेली. तीनातली दोन. अंगणवाडीतून मुलाला आहार मिळायला लागतो तो सहा महिन्यांनंतर. म्हणजे ज्या योजनेवर आपण सगळ्यात जास्त बोलतो, भांडतो, विधानसभेत गोंधळ घालतो, ती सुरू होईपर्यंत जायची ती बहुतेक बाळं गेलेली असतात. आणि जी जगतात त्यांचं काय? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या चौथ्या फेरीत महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची २५.६ टक्के मुलं उंचीच्या मानाने रोडावलेली होती. पाचव्या फेरीतही २५.६. दशांशाचाही फरक नाही. त्यातली तीव्र रोडावलेली ९.४ वरून १०.९ टक्के झाली. मरणं कमी झाली, हडकुळेपण तसंच राहिलं.

पहिल्या २८ दिवसांचं उत्तर शोधायला लांब जायला नको. ते महाराष्ट्रातच सापडलं. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्याच बायांना शिकवून तान्ह्या बाळांची घरच्या घरी काळजी घेतली. नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाल्याचं १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं. २०११ पासून तीच पद्धत देशभरातल्या आशांकडे आली. बाळंतपण दवाखान्यात झालं असेल तर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी आशाने घरी जायचं. झोळीच्या काट्यावर वजन घ्यायचं, अंग गार आहे का बघायचं, दूध ओढतं का बघायचं, कमी वजनाचं बाळ आईच्या उघड्या छातीशी बांधून ठेवायला शिकवायचं. सगळ्या भेटी झाल्या की आशाला २५० रुपये.

आशाने 'घरी' जायचं. आमच्या बांधावरच्या बाळाच्या बाबतीत घर कोणतं? पेठच्या आशाला बाळ जन्मल्याचंच माहीत नव्हतं. आमच्या गावच्या आशाच्या यादीत ती बाई नव्हती, कारण ती गावची नाही, आणि आमची बाग गावठाणापासून अडीच किलोमीटर. मी नंतर आशाताईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "ताई, कुणी नुसता फोन केला असता तरी गेले असते. पैसे नसते मिळाले तरी." मला ते खरं वाटतं. फोन कुणी करायचा होता? दादाने? दादाला आशा कशाला येते तेच ठाऊक नव्हतं. मुकादमाने? त्याला हजेरी आणि उचल सोडून कशाशी देणं नव्हतं. आणि आई-बाळाचं कार्ड, ज्यावर तारखा, टोचण्या, वजन सगळं लिहितात, ते पेठला घराच्या वाशाला खोचलेलं होतं. पाण्याने भिजायला नको म्हणून.

सांगायचं आहे ते एवढंच : आपल्या योजना गावाला बांधलेल्या आहेत आणि आपल्या जिल्ह्यातली सगळ्यात अशक्त लेकरं वर्षातले पाच-सहा महिने गावात नसतात.

डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजना घ्या. आदिवासी भागातल्या गरोदर आणि स्तनदा बाईला अंगणवाडीत रोज एक वेळचं पूर्ण जेवण, चौरस आहार. भाकरी-पोळी, भात, डाळ, भाजी, अंडं किंवा केळी. मला ही योजना मनापासून आवडते. घरी नेलेलं पाकीट चार तोंडांत वाटलं जातं (आणि सुकडीची पाकिटं म्हशीच्या पाटीत गेलेली मीही पाहिली आहेत), पण अंगणवाडीत बसून खाल्लेलं तिच्याच पोटात जातं. २०१५ च्या डिसेंबरात ती सुरू झाली. पण ती आदिवासी क्षेत्रासाठी आहे. बाईने निफाडच्या शिवारात पाऊल टाकलं की योजना मागे राहते. बाई आदिवासीच असते, पोट तेच असतं, महिनाही तोच असतो, फक्त तालुका बदललेला असतो. ज्या महिन्यांत तिच्या अंगावर सगळ्यात जास्त काम पडतं, नेमक्या त्याच महिन्यांत जेवण बंद.

'कुठल्याही अंगणवाडीत नाव घालता येतं', असं अधिकारी सांगतात. खरं आहे, कागदावर येतं. स्थलांतरितांची नोंद ठेवायला ॲपही निघालं. प्रत्यक्षात काय होतं? बागायती गावातली सेविका एकटी. तिचा आहाराचा पुरवठा नोंदलेल्या डोक्यांवर येतो. दिवाळीनंतर शिवारात वीस लेकरं वाढली तर पुढच्या पुरवठ्यापर्यंत ती काय वाटणार? २०२१ मध्ये राज्यभरातल्या सेविकांनी सरकारचे निकामी मोबाइल परत केले होते. ज्या ॲपमध्ये माहिती भरायची त्यात मराठीच नव्हती. २०२३ च्या ४ डिसेंबरपासून मानधनासाठी त्यांचा ५२ दिवस संप चालला, म्हणजे बरोबर बागांच्या हंगामात. आता २०२५ च्या १ जुलैपासून घरी न्यायच्या आहारासाठी लाभार्थ्याचा चेहरा मोबाइलवर जुळवणं सक्तीचं झालं आहे. खोटी नावं गळतील, हा त्यामागचा हेतू समजतो. पण ज्या बाईचं नाव मुळात कुठल्या यादीतच नाही तिचा चेहरा कशाशी जुळवणार?

आता दुसरी बाजू सांगते, जी मला घरात बसून दिसते. दादाची निर्यातीची बाग नोंदणीकृत आहे. २००६ पासून ग्रेपनेट नावाची व्यवस्था आहे. प्रत्येक बागेला क्रमांक, फवारणीची वही, काढणीआधी मण्यांचा नमुना प्रयोगशाळेत, पॅकहाउसमध्ये पेटीवर लेबल. रॉटरडॅमच्या गोदामात पेटी उघडली आणि काही खोट निघाली तर ती दिंडोरी तालुक्यातल्या कुठल्या गटातली, हे तिथून कळतं. २०१० मध्ये सीसीसी या वाढ रोखणाऱ्या रसायनाचा अंश जास्त सापडला म्हणून युरोपने आपली द्राक्षं अडवली, तेव्हा काय धावपळ उडाली ते इथल्या प्रत्येक बागायतदाराला आठवत असेल. कंटेनर अडकले, सौदे मोडले, माणसं देशोधडीला लागली. पुढे नियम कडक झाले. शेतकरी शिकले, सल्लागार शिकले, खात्यातले लोक बांधावर आले. जमलं. अडाणी म्हणून ज्यांना हिणवलं जातं त्याच शेतकऱ्यांनी हे जमवून दाखवलं.

सात हजार किलोमीटरवरून पेटीचा माग लागतो. पेठहून दिंडोरीला आलेल्या बाळाचा लागत नाही. हे तंत्रज्ञानाचं दुखणं नाही. पेटीच्या दुसऱ्या टोकाला 'हा माल घेणार नाही' म्हणणारा कुणीतरी बसलेला आहे. बाळाच्या दुसऱ्या टोकाला कुणीच बसलेलं नाही.

मृत्यूच्या नोंदीतही तेच. जन्म-मृत्यूची नोंद घटना जिथे घडली तिथे होते. आमच्या बांधावरचं बाळ नाशिक शहरात गेलं, म्हणून ते शहराच्या वहीत. पेठच्या आकड्यात नाही, दिंडोरीच्या आकड्यात नाही. कारणाच्या रकान्यात डॉक्टर लिहितात ते जंतुसंसर्ग, न्यूमोनिया, कमी वजन. त्यात खोटं काही नसतं. पण 'आठव्या महिन्यात आठ तास हात वर' असा रकाना कुठल्याच अर्जात नाही, आणि '१.८ अंशांत प्लॅस्टिकखाली' असाही नाही.

२०१७ आठवा. त्या ऑगस्टमध्ये गोरखपूरच्या रुग्णालयातल्या बालमृत्यूंची बातमी ताजी होती, आणि मागोमाग नाशिकच्या जिल्हा रुग्णालयात एका महिन्यात ५५ बालकं दगावल्याची बातमी देशभर गेली. एका इन्क्युबेटरमध्ये दोन-दोन, तीन-तीन बाळं ठेवावी लागत होती, हे तेव्हा सगळ्यांना कळलं. पुढाऱ्यांच्या गाड्या आल्या, कॅमेरे आले. जागा कमी होती, ती वाढवायलाच हवी होती. पण त्या गदारोळात एक साधा प्रश्न राहून गेला : ही बाळं कुठून आली होती आणि इथे येण्याआधी त्यांना कुणी पाहिलं होतं का? जिल्हा रुग्णालय म्हणजे पन्नास-पंचावन्न किलोमीटरवरच्या पेठहून, त्याहून लांबच्या सुरगाण्याहून वाहत आलेल्या सगळ्या ओढ्यांचं शेवटचं डबकं. डबक्यातल्या गाळाबद्दल डबक्याला शिव्या देऊन ओढे स्वच्छ होत नाहीत. २०२१ च्या जानेवारीत भंडाऱ्याच्या रुग्णालयात आग लागून दहा तान्ही बाळं गेली, तेव्हाही चर्चा वायरिंगवर अडकली. वायरिंग महत्त्वाचं नाही असं कोण म्हणेल? पण दरवेळी चौकशी शेवटच्या खोलीची होते, तिथवरच्या वाटेची होत नाही.

मला एक नियम हवा आहे, आणि तो फार खर्चिक नाही. एक वर्षाखालचं कुठलंही बाळ गेलं की आई मागचे सहा महिने कुठे झोपत होती ती सगळी ठिकाणं लिहायची, आणि तो मृत्यू त्या प्रत्येक ठिकाणच्या आरोग्य केंद्राच्या बैठकीत वाचायचा. शिक्षेसाठी नको. शिक्षा आली की आकडे लपतात, हे आपण पुरतं अनुभवलं आहे. तीव्र कुपोषित बालकं जास्त दाखवली की नोटीस येते, म्हणून दंडाचा घेर मोजायची पट्टी जरा सैल ओढली जाते, असं सेविका खासगीत सांगतात. साडेअकरा सेंटिमीटरच्या आत दंड भरला तर लाल, म्हणजे तीव्र कुपोषित. साडेअकराला टेकला की पिवळा. एका बोटाच्या ढिलाईने मूल लालमधून पिवळ्यात जातं आणि तालुक्याचा आकडा सुधारतो. जी सेविका लाल मूल शोधून काढते तिचा सत्कार व्हायला हवा, आपण तिला कारणे दाखवा पाठवतो.

आता पैशांचा हिशेब. गरोदर मजूर बाईला आपण काय देतो? मातृवंदना योजनेत पहिल्या बाळासाठी पाच हजार. मानव विकास कार्यक्रमातल्या तालुक्यांत बुडित मजुरीचे चार हजार : दोन नवव्या महिन्यात, दोन बाळंतपणानंतर. दोन्ही मिळाले असं धरू, आधार-बँक-खातं सगळं जुळलं असंही धरू. नऊ हजार. रोजगार हमीची मजुरी २०२५-२६ मध्ये ३१२ रुपये होती. त्या दराने हे २९ दिवस होतात. बागेत बायकांना त्याहून जास्त पडते, म्हणजे दिवस आणखी कमी. नोकरदार बाईला २०१७ पासून २६ आठवड्यांची भरपगारी रजा आहे. मी स्वतः ती घेतली आहे, आणि ती किती लागते ते मला ठाऊक आहे. माझे १८२ दिवस, तिचे २९. शिवाय मातृवंदनाचा दुसरा हप्ता बाळाच्या पहिल्या टोचण्या पूर्ण झाल्यावर, म्हणजे साडेतीन महिन्यांनी. तोवर पहिले २८ दिवस होऊन गेलेले असतात. 'बुडित मजुरी' हा शब्द ज्याने कुणी काढला त्याला प्रश्न नेमका कळला होता. आकडा ठरवणाऱ्याला तो कळला नाही, किंवा परवडला नाही.

शेवटचे आठ आठवडे आणि बाळंतपणानंतरचे सहा, एवढे दिवस बाईने मांडवाखाली जाऊ नये असं वाटत असेल तर तेवढ्या दिवसांची मजुरी तिच्या हातात आगाऊ पडली पाहिजे. तेही मुकादमाच्या उचलीच्या आधी. एकदा उचल घेतली की ती फेडायला दोन्ही हात लागतात, पोटात बाळ असो नसो.

हे पैसे कुणी द्यायचे, यावर माझं घर माझ्यावर चिडणार आहे. सरकारने तर द्यावेतच, पण बागायतीनेही द्यावेत. उसाला हे जमलं. ऊसतोड कामगारांच्या महामंडळासाठी कारखान्याकडून टनामागे दहा रुपये आणि तेवढेच सरकारकडून, असं ठरलं आहे. अंमलबजावणीवर बोलण्यासारखं पुष्कळ आहे, पण तत्त्व तरी मान्य झालं : ज्याच्या फडात माणूस राबतो त्याच्याकडे त्या माणसाच्या लेकराचाही थोडा हिशेब लागतो. द्राक्षाला कारखाना नाही, पण पॅकहाउस आहे, निर्यातदार आहे, पेट्यांची मोजदाद आहे. पेटीमागे एखादा रुपया तिथेच कापता येईल. दादाला हे बोलले तेव्हा तो म्हणाला, "अवकाळीने गेलं तेव्हा कोण आलं होतं आमच्याकडे?" चूक नाही त्याचं. सलग दोन वर्षं फुलोऱ्यात पाऊस पडला की बागायतदार सोसायटीच्या कर्जात कसा रुततो ते मी जवळून पाहिलंय. म्हणून मी त्याच्या खिशातून मागत नाही. लंडनच्या फडताळावर जी टोपली ठेवली जाते तिच्या किमतीत तो रुपया बसवा. तिथल्या गिऱ्हाइकाला फवारणीची वही बघायला आवडते. बघू द्या की त्याला हीही वही.

एक रुपयाही न लागणारी गोष्ट मात्र दादाच्या आवाक्यातली आहे. टोळी उतरली की उचलीच्या वहीत नावं लिहितातच. त्यातच पोटुशी बाई कोण, कितवा महिना, तान्हं मूल किती दिवसांचं, एवढं लिहायचं आणि आशाताईंना फोन करायचा. ग्रामपंचायतीने दसरा ते गुढीपाडवा दर महिन्याला शिवारातली डोकी मोजायची, आणि सेविकेला त्या मोजणीवर आहार मिळायला हवा. नाव, गाव, आधार मागाहून. रात्री या शिवारात झोपतं ते मूल या शिवाराचं.

"पण ते लोक भगताकडे जातात, पोरींची लवकर लग्नं करतात," हे नाशिकच्या बैठकीच्या खोल्यांतलं आवडतं वाक्य. लवकर लग्नं होतात, ते खरंच आहे. महाराष्ट्रातल्या विशीतल्या, म्हणजे २० ते २४ वयाच्या, शंभरातल्या जवळजवळ २२ मुलींचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं, असं राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीची पाचवी फेरी सांगते; आणि सोळा-सतराव्या वर्षीच्या आईचं बाळ हलकं निघतं, याला डॉक्टर लागत नाही. पण पोरगी मागे पाड्यावर एकटी कशी ठेवायची, या धास्तीनेही लग्नं उरकली जातात. त्यातही मूळ स्थलांतरच. भगताचं म्हणाल, तर तो पाड्यावरच राहतो आणि रात्री दोनला उठून येतो. २०२३ च्या जुलैत इगतपुरी तालुक्यातल्या एका वाडीवरून कळा येणाऱ्या बाईला रस्त्याअभावी अडीच किलोमीटर पायी न्यावं लागलं आणि ती वाचली नाही. त्याआधीच्या डिसेंबरात सुरगाण्यातल्या सीमेवरच्या गावांनी 'आम्हाला गुजरातेत घाला' अशी मागणी केली, तेव्हा आपण सगळे अस्मितेवर बोललो. ते लोक दवाखान्याबद्दल आणि रस्त्याबद्दल बोलत होते.

जिल्हा एकसारखा नाही, हेही सांगायला हवं. तिकडे मालेगावात २०२२ च्या अखेरीस गोवर पसरला. तिथे स्थलांतर नाही, लशीबद्दलचा अविश्वास आहे. नऊ महिन्यांच्या मुलाला पहिली टोचणी मिळाली असती तर टळणारा आजार. तिथे मोहल्ल्यातले मौलाना आणि दवाखान्यातली परिचारिका एका ओट्यावर बसल्याशिवाय काम होत नाही. तिथलं औषध इथे चालणार नाही आणि इथलं तिथे. पण मुंबईहून येणारा आराखडा दोन्हीकडे एकच.

माझ्या सासरच्या घरापासून दोन इमारती जवळ आहेत. जुन्या आग्रा रोडवर आदिवासी विकास भवन : राज्यभरातल्या आदिवासींच्या योजनांचं आयुक्तालय. आणि म्हसरूळला आरोग्य विज्ञान विद्यापीठ, १९९८ पासूनचं, राज्यातल्या डॉक्टरांना पदव्या देणारं. राज्याचं आदिवासी खातं आणि राज्याची डॉक्टरकी दोन्ही या एका गावात नांदतात. मधलं अंतर रिक्षाने वीस-पंचवीस मिनिटांचं. विद्यापीठाच्या दारावरून जाणाऱ्या दिंडोरी रोडनेच टोळ्यांच्या पिकअप बागांकडे जातात. दिवाळीनंतर पहाटे कधी तिथे उभं राहून बघा. मागे पातेली, गोधड्या, कोंबडीचा डालगा, आणि बायकांच्या पदराखाली काय आहे ते बाहेरून दिसत नाही.

दादाकडे ऑक्टोबर छाटणीची तयारी सुरू झाली आहे. मुकादमाला उचल गेली. मी आशाताईंचा नंबर वहिनीच्या मोबाइलमध्ये घालून दिलाय आणि उचलीच्या वहीत पेनाने एक रेघ मारून रकाना पाडलाय. दादा बघत होता, बोलला काही नाही. त्या बाईचा नवरा याही वर्षी येणार आहे, असं मुकादम सांगतो. ती येणार का, ते मी अजून विचारलेलं नाही.